इंपेलरच्या जाळीत लाल सेल कुठून येतात

पंपाच्या इंपेलरमधून पाणी कसं वाहतं हे संगणकावर काढायचं तर ती जागा आधी छोट्या छोट्या सेलच्या जाळीत, म्हणजे मेशमध्ये, वाटावी लागते. हा मेश बनत असतो, पट्टी ९८ टक्क्यांपर्यंत सरकते आणि खाली लाल ओळ उमटते: ऋण घनफळाचे सेल १४. दहा लाखांत चौदा. एवढ्या चौदांपायी सॉल्व्हर, म्हणजे प्रवाहाची गणितं सोडवणारा प्रोग्राम, अख्खा मेश परत पाठवतो, आणि त्याचं बरोबरच आहे. घनफळ ऋण म्हणजे तो सेल उलटला आहे, घाईत काढलेल्या सदऱ्याची बाही उलटी व्हावी तसा. त्यातून किती पाणी आत आलं आणि किती बाहेर गेलं याचा हिशेब करायला गेलं की चिन्हंच उलटी येतात आणि पहिल्या काही फेऱ्यांतच दाबाचे आकडे उधळतात.

अशा वेळी हात आधी जातो स्मूदिंगच्या, म्हणजे जाळी आपोआप सारखी करण्याच्या, बटणाकडे, मग सेलची संख्या वाढवण्याकडे. दोन्ही उपाय बहुधा भलत्या जागी लागतात. लाल सेल दिसतात पात्यापाशी, पण त्यांचं मूळ दोन पायऱ्या मागे असतं: पात्याच्या वक्ररेषांत, ब्लॉकच्या (जाळी ज्या मोठ्या तुकड्यांत आखतात त्यांच्या) मांडणीत, नाहीतर दोन दशांशांपर्यंतच लिहिलेल्या एखाद्या कोनात. म्हणून आधी लाल सेल पडद्यावर एकटे दाखवा आणि ते कुठे बसलेत ते बघा. जागा कळली की निम्मं निदान झालं.

इंदुरात हा विषय परका वाटायचं कारण नाही. सकाळी नळाला येणारं नर्मदेचं पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांच्या जोरावर विंध्य चढून येतं. त्या योजनेचा पहिला टप्पा १९७८ सालचा. पीथमपूर-देवासच्या पट्ट्यात पंप आणि त्यांचे सुटे भाग बनतात, आणि इथल्या कॉलेजांत इंपेलरचं सिम्युलेशन हा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा नेहमीचा विषय. दुरुस्तीच्या दुकानात ज्याला नुसतं ‘पंखा’ म्हणतात तोच हा इंपेलर. हब म्हणजे त्याची मागची तबकडी, श्राउड म्हणजे पुढची, मधे वळलेली पाती. पाणी पात्याला पहिल्यांदा भिडतं ती कड लीडिंग एज, म्हणजे पात्याचं नाक; सोडून जातं ती ट्रेलिंग एज, म्हणजे शेपटी.

स्ट्रक्चर्ड जाळी कशी असते हे सांगायला ठिपक्यांची रांगोळी पुरेशी आहे. ठिपके ओळीत, प्रत्येक ठिपक्याचा डावा-उजवा, वरचा-खालचा शेजारी ठरलेला. एका ओळीत पंधरा ठिपके असतील तर समोरच्या ओळीतही पंधराच. हीच तिची ताकद: भिंतीलगत फार पातळ थर शिस्तीत बसतात, आणि तेवढ्याच अचूकतेसाठी सेल कमी लागतात. आणि हाच तिचा हट्ट. एका कडेला पाच ठिपके वाढवले की ते समोरच्या कडेलाही वाढतात, तिथून पुढच्या ब्लॉकमध्ये, तिथून त्याच्याही पुढे. पात्याच्या नाकावर बारीक जाळी मागितली आणि तिची रेघ थेट इनलेट पाइपपर्यंत गेली, हे म्हणूनच होतं.

पुढचे सगळे आकडे एका नमुन्याच्या इंपेलरचे आहेत, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही: बाहेरचा व्यास २५० मिमी, आतल्या बाजूला पाती सुरू होतात तिथे १२० मिमी, सात पाती, पात्याची जाडी ४ मिमी, पात्याचा कोन आत २० अंश आणि बाहेर २५ अंश, वेग मिनिटाला १४५० फेरे. बाहेरच्या कडेचा वेग निघतो सेकंदाला १९ मीटर.

आधी वक्ररेषा

टर्बोग्रिड, ऑटोग्रिड यांसारखी टर्बोमशिनरीची, म्हणजे पंप-टर्बाइनसारख्या फिरत्या यंत्रांची जाळी करणारी, साधनं तीन गोष्टी मागतात: हबची रेषा, श्राउडची रेषा आणि पात्याचे काप. फाइलमध्ये नुसते क्ष, य, झ चे आकडे असतात, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही.

हब आणि श्राउडच्या रेषा इनलेटकडून आउटलेटकडेच लिहिलेल्या हव्यात, आणि दोन्हींची दिशा एकच हवी. पात्याचा प्रत्येक काप एकाच जागेपासून सुरू व्हावा आणि एकाच दिशेने फिरावा. एक काप घड्याळाच्या दिशेने आणि शेजारचा उलट असेल तर पातं पिळलेल्या टॉवेलसारखं दिसतं. हे निदान दिसतं तरी. त्याहून वाईट म्हणजे सुरुवातीचा बिंदू एका कापात नाकावर आणि दुसऱ्यात नाकापासून दोन मिलिमीटर अलीकडे. पातं ठीक दिसतं, पण पृष्ठभागावर बारीकशी सुरकुती पडते आणि लाल सेल त्या सुरकुतीच्या रेषेवर माळेसारखे उभे राहतात. लाल सेलची अशी हबपासून श्राउडपर्यंत जाणारी माळ दिसली तर जाळीला हात लावू नका, कापांची फाइल उघडा.

सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा काप श्राउड आणि हबच्या जरा पलीकडे, १ ते २ मिमी बाहेर, गेलेला हवा. बरोबर पृष्ठभागावर संपवलेलं पातं संगणकाच्या लेखी कुठे टेकतं तर कुठे ०.००३ मिमी अधांतरी राहतं. मग छेदरेषा तुटक मिळते आणि ‘पातं हबला छेदत नाही’ असा निरोप येतो. शंभरातल्या बऱ्याच तक्रारी एवढ्याच असतात.

नाकाच्या अर्धगोलावर निदान २०-२५ बिंदू द्या. सहा-सात बिंदूंतून काढलेला वक्र मधेच फुगतो. एकाच जागी दोनदा लिहिलेला बिंदूही असाच छळतो, विशेषतः वक्र बंद करताना पहिलाच बिंदू शेवटी पुन्हा लिहिला गेला असेल तर. आणि एकक! मिलिमीटरची फाइल मीटर म्हणून वाचली की २५० मीटर व्यासाचा इंपेलर तयार होतो. जाळी सुंदर बनते, एकही लाल सेल येत नाही, आणि गडबड उघडी पडते ती थेट सॉल्व्हरमध्ये. फाइल उघडल्यावर पहिल्या मिनिटात व्यास मोजून घ्या.

ओतीव इंपेलरमध्ये पातं आणि हबच्या कोपऱ्यात ३-५ मिमीची गोलाई असते. ती पहिल्या फेरीत सरळ काढून टाका. गोलाई जिथे हबला स्पर्शून विरते तिथे दोन पृष्ठभागांतला कोन जवळपास १८० अंश होतो, आणि नेमकी तिथे ब्लॉकची कड आली तर ती चिरडली जाते. बलाचं विश्लेषण करणाऱ्याला ही गोलाई हवीच असते. पाण्याच्या पहिल्या हिशेबाला बहुधा नको.

पिझ्झाचा तुकडा कापू नका

सातही पात्यांची जाळी करायची गरज नसते. एका पात्याभोवतीचा सातवा हिस्सा घ्यायचा, त्याच्या दोन बाजू पिरिऑडिक म्हणून जोडायच्या, म्हणजे एकीतून बाहेर गेलेलं पाणी दुसरीतून आत येतं असं धरायचं. वाट्याला येणारा कोन ३६० भागिले ७, म्हणजे ५१.४३ अंशांच्या आसपास. नवखा माणूस इथे केकसारखा सरळ त्रिज्येने तुकडा कापतो आणि अडकतो. कारण आपलं पातं ६० मिमी त्रिज्येपासून १२५ पर्यंत जाताना अक्षाभोवती जवळपास १०० अंश वळतं, वाट्याच्या कोनाच्या दुप्पट. सरळ तुकड्यात एक पातं मावतच नाही. एकाचं नाक आणि दुसऱ्याची शेपटी हाती येते. पिरिऑडिक बाजू दोन पात्यांमधल्या वाटेच्या मध्यातून, पात्यासारखीच वळत गेली पाहिजे. टर्बोची साधनं हे आपोआप करतात. आयसीईएम किंवा ब्लॉकमेश ही ब्लॉक हाताने आखायची साधनं वापरणाऱ्याने ती मधली रेषा स्वतः काढायची असते.

आता मांडणी, म्हणजे टोपोलॉजी. पात्याला गुंडाळणारा ओ-ग्रिड आणि उरलेल्या वाटेत सरळ जाणारे एच-ब्लॉक, ही पंपांसाठी सगळ्यात भरवशाची जोडी. ओ-ग्रिड म्हणजे पात्याला घातलेलं बनियन: भिंतीलगतचे सगळे थर त्यातच मावतात, बाहेर पसरत नाहीत. पण बनियनची जाडी बेतानं हवी. आपल्या इंपेलरमध्ये पाती सुरू होतात तिथे परिघ ३७७ मिमी, सातात वाटला की ५४. पाती २० अंशांवर आडवी झालेली असल्याने दोन पात्यांमधलं सरळ अंतर त्याला साइन २० ने गुणून १८ मिमी, त्यातून पात्याची जाडी गेली की उरलं १४. दोन्ही बाजूंनी ५-५ मिमीचा ओ-ग्रिड घातलात तर मधल्या एच-ब्लॉकला ४ मिमी मिळतात, आणि बाहेरच्या टोकाला तोच ब्लॉक ३० मिमीच्या वर रुंद होतो. गळा दाबलेल्या जागी सेल पापडासारखे चपटे होतात, शेजारच्या सेलशी घनफळाचं प्रमाण वीसच्या पुढे जातं. लाल सेल वाटेच्या तोंडाशी, पण भिंतीपासून दूर असतील तर ओ-ग्रिडची जाडी ३ ते ३.५ मिमीवर आणा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

तिरपेपणा कुठून येतो ते बाज विणणाऱ्याला विचारा. चौकट काटकोनात असेल तर विणीतली घरं चौकोनी, चौकट तिरपी झाली की प्रत्येक घर तिरपं. मग दोरी कितीही सारखी करा. पंपाच्या वाटेत एक रेषा पात्याच्या दिशेने जाते आणि दुसरी परिघाच्या दिशेने. पात्याचा कोन २५ अंश, म्हणून सेलचा कोनही २५ अंश. फॅन किंवा टर्बाइनच्या उभ्या पात्यांत हा त्रास कमी. पंपाची पाती मुळातच आडवी. ब्लॉकचे कोपरे समोरासमोर न ठेवता एका बाजूचे कोपरे वाटेत थोडे पुढे सरकवले की आडव्या रेषा पात्याला अधिक काटकोनात येतात. स्मूदिंग हे काम करू शकत नाही. स्मूदिंग दोरी सारखी करतं, चौकट नाही.

किती तिरपं चालतं? टर्बोग्रिडची नेहमीची मर्यादा सेलच्या पृष्ठाचा कोन १५ ते १६५ अंशांत असावा अशी आहे. आयसीईएम वापरणारे कोन १८ अंशांच्या वर आणि डिटरमिनंट (सेल किती पिळला आहे त्याचं माप, आदर्श सेलला १) ०.२ च्या वर ठेवतात. ओपनफोम या सॉल्व्हरचं जाळी तपासणारं चेकमेश नॉन-ऑर्थोगोनॅलिटी (काटकोनापासून ढळणं) ७० अंशांच्या आणि स्क्यूनेस (तिरपेपणा) ४ च्या पुढे गेली की कुरकुरतं. हे आकडे देवाज्ञा नव्हेत. वाटेच्या मध्यात, जिथे प्रवाह शांत आहे, तिथे १४ अंशांचे दहा-वीस सेल असले तर झोप उडवून घेऊ नका. तेच सेल नाकाच्या मागे, दाब कमी असलेल्या बाजूला असतील तर एकही खपवून घेऊ नका. पोकळीकरण, म्हणजे कॅव्हिटेशन, सुरू होतं ते तिथेच. जाता जाता: इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब पाण्याच्या १०.३ मीटरऐवजी साधारण ९.७ मीटर उंचीइतका असतो. कॅव्हिटेशनचा हिशेब करताना संदर्भाचा दाब पुस्तकातला नको, इथला घाला.

इनलेट पाइपात मात्र वेगळी गंमत आहे. हबचं टोक अक्षापर्यंत निमुळतं गेलं की तिथे सगळ्या रेषा एका बिंदूत मिळतात आणि सेलची एक बाजू शून्य होते. गोल ताटात वड्या थापून सरळ कापल्या तर कडेचे तुकडे वेडेवाकडे. मध्यातून पाकळ्या कापल्या तर टोकं सुईसारखी. मधे एक चौकोन कापायचा आणि त्याभोवती चार वळणदार तुकडे, ही यावरची युक्ती. पाइपाचा ओ-ग्रिड म्हणजे हेच. म्हणून अक्षाजवळचा भाग इंपेलरच्या तुकड्यात ओढू नका. तुकड्याची हद्द पात्यांच्या थोडं आधी संपवा आणि त्याच्या पुढचा पाइप असा वेगळा करून इंटरफेसने, म्हणजे दोन जाळ्यांमधल्या जोडाने, जोडा.

भिंतीलगतचे थर

इथे जरा थांबायला हवं, कारण ऋण घनफळाचे बहुतेक सेल याच दोन-तीन मिलिमीटरांत जन्माला येतात.

पहिला थर किती पातळ हवा हे वाय प्लस ठरवतो. भिंतीपासूनचं अंतर तिथल्या घर्षणाच्या मापात मोजलं की वाय प्लस मिळतो. आपल्या इंपेलरमध्ये पात्याच्या सापेक्ष पाण्याचा वेग जास्तीत जास्त सेकंदाला १० मीटर धरू, पात्याची लांबी १७० मिमी. पाणी ३० अंश सेल्सिअसचं. माळव्यात उन्हाळ्यातल्या टाकीचं पाणी याहून थंड नसतं. या तापमानाला पाण्याचा कायनेमॅटिक चिकटपणा (चिकटपणा भागिले घनता) ०.८ वर्ग मिमी प्रति सेकंद, म्हणून रेनॉल्ड्स संख्या (वेग गुणिले लांबी भागिले हा चिकटपणा) सुमारे २१ लाख. सपाट पाट्याच्या नेहमीच्या सूत्राने घर्षणाचा गुणांक ०.००३१ आणि घर्षणाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर निघतो. चिकटपणाला त्याने भागलं की वाय प्लस १ साठीचं अंतर मिळतं: ०.००२ मिमी, म्हणजे २ मायक्रॉन. पुस्तकातलं २० अंशांचं पाणी घेतलं तर हेच २.५ येतं. आरंभाला एवढा फरक चालतो, पण कुठलं तापमान धरलं ते लिहून ठेवा.

वॉल फंक्शन, म्हणजे भिंतीलगतचा प्रवाह जाळीऐवजी तयार सूत्राने काढणं, वापरणार असाल तर वाय प्लस ४० धरून पहिला थर ०.०८ मिमी पुरतो. पात्याच्या शेवटी सीमास्तराची (भिंतीमुळे मंदावलेल्या पाण्याच्या थराची) जाडी साधारण ३.४ मिमी होते. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा १.२ पट जाड ठेवत गेलं तर ०.०८ पासून तिथवर १२-१३ थर लागतात. २ मायक्रॉनपासून ३२. मधला, म्हणजे ५ ते १५ चा वाय प्लस घेऊ नका. तो ना इकडचा ना तिकडचा, आणि त्यातून आलेला हेडचा (पंप पाणी किती उंच चढवेल त्याचा) आकडा बरोबर आला तरी योगायोगच.

आता लाल सेल. पृष्ठभाग संगणकात कधीकधी गुळगुळीत वक्र म्हणून नसतो, छोट्या सपाट त्रिकोणांचा असतो. एसटीएल फाइल तर असतेच तशी, आणि काही साधनं आत येणारी गुळगुळीत भूमितीही आपल्या सोयीसाठी त्रिकोणांत मोडतात. नाकाची त्रिज्या १.५ मिमी आणि त्रिकोणाची बाजू ०.५ मिमी असेल तर वक्र आणि सपाट त्रिकोण यांच्यात मधोमध फट किती? बाजूचा वर्ग भागिले त्रिज्येची आठ पट: ०.०२१ मिमी, म्हणजे २१ मायक्रॉन. तुमचा पहिला थर २ मायक्रॉनचा! भिंतीवरचे नोड (जाळीचे ठिपके) सपाट त्रिकोणावर बसले आणि वरच्या थरातले नोड खऱ्या वक्राच्या बेताने मांडले गेले, किंवा त्याच्या उलट झालं, की वरचा थर खालच्याला ओलांडून भिंतीत घुसतो. उलटलेली बाही ती हीच.

लाल सेल नाकाच्या वळणावर, अगदी भिंतीला चिकटलेल्या पहिल्या चार-पाच थरांत असतील तर दोषी हाच धरा. उपाय जाळीत नाही, भूमितीत आहे: त्रिकोण करतानाची टॉलरन्स (खऱ्या वक्रापासून किती ढळलं तर चालेल ती मुभा) पहिल्या थराच्या उंचीपेक्षा बरीच खाली आणा. कॅडमधून बाहेर काढताना ०.०१ मिमी टॉलरन्स ऐकायला कडक वाटते, पण ती आपल्या पहिल्या चार थरांच्या बेरजेएवढी आहे. तसंच नाकाभोवती सेल पुरेसे द्या. वरच्याच सूत्रात फट २ मायक्रॉन धरली तर सेलची लांबी ०.१५ मिमी येते, आणि अर्धगोलाची ४.७ मिमी लांबी त्याने भागली की तीस सेल. नाकावर आठ सेल आणि वाय प्लस १, ही जोडी जमत नाही.

स्मूदिंग या भागात उलट अपाय करतं. साधं स्मूदिंग प्रत्येक नोडला शेजाऱ्यांच्या सरासरी जागी नेतं. नाकासारख्या पुढे आलेल्या भागाभोवतीच्या शेजाऱ्यांची सरासरी पात्याच्या आतही पडू शकते. शिवाय सरासरीने अंतरं सारखी होत जातात आणि जपून बसवलेला २ मायक्रॉनचा थर २० मायक्रॉनचा होऊन बसतो. लाल सेल गेले म्हणून आनंद, आणि वाय प्लस १०. स्मूदिंग करायचंच तर भिंतीलगतचे थर गोठवून, फक्त वाटेच्या मध्यात.

लांबी-जाडीच्या प्रमाणाला मात्र उगाच घाबरतात. २ मायक्रॉन जाड आणि २ मिमी लांब सेलचं प्रमाण हजार. चेकमेश अशा जागी इशारा देतं, पण प्रवाह सेलच्या लांबीच्या दिशेने जात असेल आणि डबल प्रिसिजन (आकडे दुप्पट अंकांनी साठवणं) चालू असेल तर भिंतीलगत ते खपतं. सिंगल प्रिसिजनमध्ये नाही.

पात्याची शेपटी

इंपेलर ओतल्यावर त्याचा बाहेरचा व्यास लेथवर काढतात, त्यामुळे पात्याची शेपटी गोल नसते; २५० मिमी व्यासाच्या वर्तुळावर सपाट कापलेली असते. ४ मिमी जाडीचं पातं २५ अंशांवर तिरकं कापलं की कापाची रुंदी ४ भागिले साइन २५, म्हणजे साडेनऊ मिमी. भाजीवाल्याने काकडी तिरकी कापली की चकती लांबट होते, तसं. त्या कापाचा एक कोपरा २५ अंशांचा, चाकूसारखा. दुसरा १५५ अंशांचा.

ओ-ग्रिड या चाकूच्या टोकाला वळसा घालायला गेला तर बाहेरच्या बाजूला ३३५ अंश भरायचे असतात. ते दोन सेलमध्ये वाटले की प्रत्येकाला १६७.५, म्हणजे १६५ ची मर्यादा तिथेच ओलांडली. कुठलीही सेटिंग बदला, ही बेरीज बदलत नाही. शेपटीच्या एकाच कोपऱ्यावर, हबपासून श्राउडपर्यंत सारख्या कोनाचे लाल सेल दिसले तर कारण हे.

ओ-ग्रिड शेपटीला वळवूच नका. त्याला मागून उघडा ठेवा, सी आकारात, आणि कापाच्या साडेनऊ मिमीतून एक स्वतंत्र ब्लॉक मागे निघू द्या. साधनात ‘कट-ऑफ’ ट्रेलिंग एजचा पर्याय असतो तो यासाठी. या ब्लॉकच्या रेषा पात्याच्याच दिशेने पुढे नेल्या तर त्याचे कोपरे २५ आणि १५५ होतात: चालतील, पण काठावर. त्याच रेषा ३० अंश त्रिज्येकडे वळवल्या की ५५ आणि १२५. किंमत एवढीच की पाणी पात्याच्या दिशेने निघतं आणि रेषा जरा वेगळीकडे, त्यामुळे शेपटीमागचा वेक, म्हणजे पात्यामागे राहणारा मंद पाण्याचा पट्टा, थोडा पुसट होतो. हेड आणि कार्यक्षमता हवी असेल तर हा सौदा परवडतो. व्हॉल्यूटच्या, म्हणजे इंपेलरभोवतीच्या गोगलगाईसारख्या कवचाच्या, जिभेवरचे (जिथे ते कवच इंपेलरच्या सगळ्यात जवळ येतं त्या टोकावरचे) दाबाचे ठोके मोजायचे असतील तर २० अंशांवर थांबा आणि शेपटीमागे सेल वाढवा. चाकूच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची गोलाई देणं हा आणखी एक मार्ग. प्रत्यक्षातही तिथली धार कानशीने मारतातच, त्यामुळे ती लबाडी नाही.

सात तुकडे आणि एक शिवण

एका तुकड्याची जाळी तयार झाली, ती फिरवून सात वेळा नक्कल करायची. फिरवण्याचा कोन हाताने ५१.४३ लिहिलात तर सात वेळा मिळून ३६०.०१ अंश होतात. १३० मिमी त्रिज्येवर एका जोडाशी ३ मायक्रॉनची चूक, आणि शेवटचा तुकडा पहिल्याला भेटतो तिथे २३ मायक्रॉनची. पहिला थर २ मायक्रॉनचा असताना! ‘पिरिऑडिक बाजू जुळत नाहीत’ किंवा ‘नोड जोडता आले नाहीत’ असा निरोप आला की आधी हा आकडा बघा. साधनाला पात्यांची संख्या ७ द्या, कोन त्यालाच काढू द्या. सहा किंवा आठ पात्यांच्या इंपेलरला हा आजार होत नाही, ६० आणि ४५ सरळ भागतात. म्हणूनच आधीच्या प्रोजेक्टात चाललेली पद्धत सातव्या पात्यावर अडते.

इंपेलर फिरतो, व्हॉल्यूट स्थिर. दोघांमधली शिवण म्हणजे इंटरफेस, आणि ती अक्षाभोवती फिरवून झालेलाच पृष्ठभाग हवी, नाहीतर फिरताना एकमेकांत घुसेल. इंपेलरची कड १२५ मिमीवर आणि व्हॉल्यूटची जीभ समजा १३५ वर असेल तर शिवण मधोमध १३० वर घाला. इंपेलरला चिकटवली की शेपटीमागचा गोंधळ नीट पलीकडे जात नाही. जिभेला चिकटवली की तिथले सेल चिरडतात.

शिवण बघायला गोल, पण खरं तर सेलच्या सरळ बाजूंचा बहुभुज. दोन्ही बाजूंना ५ अंशांचे सेल असतील तर सरळ बाजू वर्तुळापासून मधोमध ०.१२ मिमी आत जाते. १ अंशाचे असतील तर ०.००५. एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ५ ठेवलंत तर फिरताना फटी आणि चढ उघडमिट करत राहतात, आणि दाबाच्या आलेखावर पात्यांच्या संख्येशी न जुळणारी बारीक थरथर दिसते. दोन्हीकडचे सेल आकाराने दुपटीच्या आत ठेवा. काळाचं पाऊल १ अंशाचं घेत असाल तर १४५० फेऱ्यांना ते ०.११५ मिलिसेकंद येतं. सेलही साधारण तेवढ्याच कोनाचे असले की हिशेब सुटसुटीत राहतो.

वेअर रिंगची (फिरता इंपेलर आणि स्थिर कवच यांच्यात गळती रोखणाऱ्या कड्याची) पाव मिलिमीटरची फट या मुख्य जाळीत ओवायचा मोह टाळा. फटीत आडवे निदान बारा सेल हवेत, म्हणजे प्रत्येकी ०.०२ मिमी, आणि स्ट्रक्चर्ड जाळीच्या स्वभावानुसार ते बारा जण रांगेने अख्ख्या वाटेतून चालत जातील. फटीचा ब्लॉक वेगळा करा, त्याला स्वतःचा इंटरफेस द्या.

लाल सेल संपले म्हणजे जाळी बरोबर असं नाही, ती फक्त चालू शकते. एकाच इंपेलरच्या तीन जाळ्या करा, प्रत्येक दिशेला सेल सुमारे १.३ पट वाढवत. म्हणजे घनफळात एकूण संख्या साधारण २.२ पट: ३ लाख, साडेसहा लाख, साडेचौदा लाख. वॉल फंक्शन असेल तर वाढवताना पहिल्या थराची उंची तीच, ०.०८ मिमी, ठेवा आणि सेल फक्त इतर दिशांना आणि वरच्या थरांत वाढवा. उंचीही १.३ ने भागत गेलात तर ४० चा वाय प्लस तिसऱ्या जाळीत २४ वर येतो. मग हेड बदललं ते जाळीमुळे की भिंतीच्या सूत्रामुळे, हे सांगता येत नाही.